मखर आणि तळटीप

श्रावण सरत आला असता एका सकाळी दोन गृहस्थ मारुंजीत माझ्या घरी आले. एक मूळचे या गावचेच. त्यांना सारे अण्णा म्हणतात. दुसरे चाकणच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांना आपण साहेब म्हणू. अण्णांनी आपल्या जमिनीपैकी एक तुकडा विकला नाही. त्यावर दुमजली इमारत बांधली आणि तिचा वरचा मजला काही चांगल्या कामासाठी मोकळा ठेवला. साहेबांना चित्रांचे वेड. दोघांची गाठ कशी पडली कोण जाणे, पण त्या मजल्यावर कलासंशोधनाची एक संस्था काढायची असे त्यांनी ठरवले होते. महाराष्ट्रातल्या चित्रकारांच्या वह्या, पत्रे, जुनी प्रदर्शनपत्रके, कलाशाळांचे दप्तर, छायाचित्रे हे सर्व जमवायचे, नीट लावायचे आणि अभ्यासकांपुढे ठेवायचे. ज्या गावचे लोक दिवसाचे दोन तास भूमकर चौकाच्या अलीकडे-पलीकडे गाडीत बसून काढतात, त्या गावात अशा कामासाठी कोणी मजला राखून ठेवावा याचे मला कौतुक वाटले, आणि अजूनही वाटते. पुढे जे लिहिणार आहे ते या कौतुकाला धरूनच आहे, एवढे आधी सांगून ठेवतो.

साहेबांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. संस्थेची घटना अजून लिहिली गेली नव्हती. मजल्यावर कपाट नव्हते, पुस्तक नव्हते, वाळवीचे औषधसुद्धा नव्हते. पण संस्थेच्या नावाचा छापील कागद तयार होता, आणि त्याच्या डाव्या अंगाला ‘विद्वत् सल्लागार मंडळ’ या मथळ्याखाली अकरा नावे ओळीने उभी होती. बारावे माझे असावे अशी दोघांची इच्छा होती.

“या सगळ्यांना विचारलंत का?” मी म्हटले.

“तिघांचा होकार आलाय, सर,” अण्णा म्हणाले. “बाकीच्यांना नाव छापूनच कागद पाठवायचा. मग नाही म्हणायला जड जातं माणसाला.”

उत्तर इतके प्रांजळ होते की मला हसू आवरले नाही, आणि अण्णाही हसले. खाली त्यांच्या ओसरीवर गणपतीच्या मखराची तयारी चालली होती हे मला ठाऊक होते. मखर आधी उभे राहते आणि मूर्ती मागाहून येते, हे घरच्या गणपतीला शोभते. संशोधनसंस्थेला शोभते का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात घोळतो आहे.

आपल्याकडे संस्था काढणारे लोक सल्लागार मंडळाकडे दोन कारणांनी वळतात. एक कारण उघड आहे: मोठी नावे पाहून देणगी देणारा विश्वासाने देणगी देतो. दुसरे कारण तितकेसे बोलले जात नाही. उद्या एखादा निर्णय अंगावर आला, तर तो मंडळाचा होता असे म्हणायची सोय राहते. दोन्ही कारणांत सल्ल्याचा संबंध कोठेच येत नाही, ही यातली मौज. साहेबांची यादी मी नीट वाचली तेव्हा ती याच वळणाची निघाली. चार चित्रकार, चौघेही नामवंत. एक निवृत्त अधिकारी. परदेशी विद्यापीठातले दोन प्राध्यापक. दोन गॅलरीवाले. एक उद्योगपती, आणि एक कवी (कवी प्रत्येक यादीत असतोच). यांपैकी कोणाच्याही योग्यतेविषयी मला शंका नाही. परंतु जुन्या दप्तरातला मोडी कागद पुढे आला तर तो वाचणारा यांत कोणी नव्हता. ओल धरलेल्या वहीचे पान कसे सोडवायचे हे जाणणारा कोणी नव्हता. आणि दोन गॅलरीवाले मात्र होते.

गॅलरीवाल्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. पण चित्रकाराच्या कागदपत्रांचा संग्रह ही निव्वळ भाविकपणाची वस्तू नव्हे. अमुक चित्र अमुक साली काढले, अमुक प्रदर्शनात मांडले, अमुक माणसाला विकले, ही नोंद ज्या वहीत आहे तीच वही उद्या त्या चित्राच्या खरेपणाचा पुरावा होते, आणि खरेपणावर किंमत ठरते. ज्याच्या दुकानात ते चित्र विकायला आहे त्यानेच त्या वहीविषयी सल्ला द्यावा, ही योजना कितीही सज्जन माणसांच्या हाती असली तरी सदोष आहे. त्यांना बोलवावे, त्यांच्याकडून माहिती घ्यावी. खुर्ची देऊ नये. द्यायचीच तर प्रत्येक बैठकीच्या आरंभी, आजच्या विषयात माझा अमुक व्यवहार गुंतलेला आहे, असे त्यांनी सांगावे आणि त्या विषयापुरते उठून जावे.

इतके असूनही मंडळ नकोच, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्यांनी ८ फेब्रुवारी २०१९ ची मुंबईतली संध्याकाळ आठवावी. कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे. तेथे त्या दिवशी प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचे उद्घाटन होते. भाषणासाठी अमोल पालेकर उभे राहिले. मुंबई आणि बंगळूर या दोन शाखांच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या नोव्हेंबर २०१८ मध्ये बरखास्त झाल्याचे आपल्याला कळले आहे, तेव्हा यापुढे काय दाखवायचे हे दिल्लीचे मंत्रालय ठरवणार काय, असे ते विचारू लागले. बरवे यांचे प्रदर्शन हे स्थानिक समितीने ठरवलेले शेवटचे प्रदर्शन ठरेल, अशी त्यांची तक्रार होती. व्यासपीठावरून त्यांना पुनःपुन्हा अडवण्यात आले, बरवे यांच्याविषयीच बोला असे सांगण्यात आले, आणि त्यांनी भाषण आवरते घेतले. जी समिती गेली तिचे अध्यक्ष चित्रकार सुहास बहुळकर होते. समितीची मुदतच संपली होती आणि नवी नेमली जाईल, असे सरकारी बाजूने मागाहून सांगण्यात आले.

त्या वेळी पुष्कळांनी प्रसंगाच्या औचित्याची चर्चा केली. गेलेल्या चित्रकाराच्या स्मरणाचा दिवस आणि हे भांडण कशाला, असा तिचा सूर होता. मला हा सूर तेव्हाही पटला नाही. बरवे यांची चित्रे आठवून पाहा. एखादे पान, एखादे घड्याळ, एखादे पाकीट, अशा अगदी घरगुती वस्तू ते रिकाम्या पृष्ठावर एकमेकींपासून दूर ठेवतात. आणि मग आपल्या लक्षात येते की खरे चित्र त्या वस्तूंत नाही, त्यांच्या मधल्या अंतरात आहे. कोणत्या वस्तूला किती जागा द्यायची, काय वगळायचे, कोणती जागा कोरी सोडायची, याचा इतका कसोशीने विचार करणारा दुसरा चित्रकार आपल्याकडे मला चटकन सांगता येणार नाही. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे १९९० सालचे पुस्तकही याच विचारातून आलेले. भिंतीवर काय लावायचे आणि काय नाही हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्यांच्या चित्रांसमोर अप्रस्तुत ठरतो असे ज्यांना वाटले, त्यांनी ती चित्रे जरा घाईने पाहिली असावीत.

पण पालेकरांच्या बाजूने बोलतानाही एक गोष्ट विसरता कामा नये. सरकार म्हणजे कलेचा शत्रू, असे सरसकट समीकरण बरवे यांच्याच चरित्राला लागू पडत नाही. विणकर सेवा केंद्र या सरकारी कचेरीत त्यांनी १९६१ च्या सुमारास नोकरी धरली आणि ती पुढे दोन दशके केली. त्यातली आरंभीची काही वर्षे बनारसला गेली, आणि तेथल्या तांत्रिक चिन्हांनी त्यांच्या त्या काळातल्या चित्रांना वळण दिले. के. जी. सुब्रमण्यन, अंबादास, गौतम वाघेला हेही त्याच केंद्राच्या परिवारातले. तेथे सरकारने चित्रकारांना कागदाच्या डाव्या बाजूला छापले नव्हते. मागाच्या शेजारी बसवले होते. सल्ला तेथे कामातच मिसळलेला होता.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मेहली गोभई आणि सुधीर पटवर्धन यांची ठरलेली प्रदर्शने आता होणार नाहीत, अशी भीती त्या वेळी बोलून दाखवण्यात आली होती. ती दोन्ही त्याच इमारतीत झाली: पटवर्धनांचे २०१९ च्या नोव्हेंबरअखेर उघडले, गोभईंचे २०२० च्या मार्चमध्ये. म्हणजे भीती खोटी होती असे कोणी म्हणेल. बोभाटा झाला म्हणूनच प्रदर्शने झाली असेही कोणी म्हणेल. दोघांनाही आपले म्हणणे सिद्ध करता येत नाही. समितीत कोणती चर्चा झाली, कोणी काय सुचवले, ते कोणी आणि कोणत्या कारणाने बदलले, हे सामान्य प्रेक्षकाला वाचायला मिळेल असे काही छापलेले नसते. समिती असताना नसते आणि नसतानाही नसते. मला समिती जाण्याहून ही गोष्ट अधिक खुपते.

आता पुण्याकडे येतो. मारुंजीहून विधी महाविद्यालय रस्ता फार लांब नाही, निदान पहाटे तरी. तेथल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, हे आपण अभिमानाने सांगतो; पण ते काम कसे चालले याकडे आपले लक्ष क्वचित जाते. संस्था १९१७ ची. पुढल्याच वर्षी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सचित्र महाभारताच्या कल्पनेने एक लाख रुपये देऊ केले. १९१९ साली वृद्ध रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते कामाला आरंभ झाला. १९२३ साली ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची एक कच्ची आवृत्ती छापली, आणि मंडळाने काय करावे? ती देशोदेशीच्या विद्वानांना फुकट वाटली आणि म्हटले, दोष दाखवा. मते आली. १९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले, त्यांनी कामाची पद्धत नव्याने बांधली, आणि १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग बाहेर पडला. छापून झालेले, पैसे खर्च झालेले पर्व ‘कच्चे’ म्हणण्याची ही तयारी मला त्या संस्थेच्या साऱ्या वैभवाहून मोठी वाटते.

पण मला सांगायची गोष्ट याहून लहान आहे. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. वर संहिता, खाली बारीक अक्षरांत न स्वीकारलेले पाठ, कोणत्या पोथीत काय आहे यासह. साऱ्या कामासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. त्यांतले जे वर बसले नाही ते फेकून दिलेले नाही, ते पानाच्या तळाशी वाचकाची वाट पाहत बसले आहे. आणि जेथे संपादकाची स्वतःची खात्री कमी, तेथे शब्दांखाली एक नागमोडी रेघ. ‘येथे मी निवड केली आहे, पण पैज लावणार नाही,’ असे ती रेघ सांगते. सुखठणकर १९४३ साली गेले. आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. मधल्या तेवीस वर्षांत संपादक बदलले, पर्वे वेगवेगळ्या हातांत गेली, सभापर्व तर अमेरिकेत बसून एजर्टनने केले. तरी काम विस्कटले नाही. मला याचे श्रेय पुष्कळसे त्या तळटिपांना द्यावेसे वाटते. मागच्याने काय नाकारले ते पुढच्याला दिसत होते.

सल्लागार मंडळाकडून मला हेच हवे आहे. त्याने एकमताचे ठराव करावेत अशी अपेक्षाच नको. त्याचे मतभेद लिहिले जावेत, आणि संस्थेने सल्ला मानला नाही तर का मानला नाही याचे दोन ओळींचे उत्तर त्याखाली यावे.

हे मी एवढ्या आग्रहाने का म्हणतो, त्याला माझ्या आयुष्यातली एक घटना कारण आहे. ती फारशी अभिमानाची नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या कलासंस्थेच्या अशाच मंडळावर मी होतो. तीन वर्षांत दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत एका दिवंगत चित्रकाराच्या पत्नीचे पत्र वाचले गेले. नवऱ्याच्या वह्या, रेखाटने, चाळीस वर्षांची पत्रे घरात दोन ट्रंकांत होती; मुलीकडे राहायला जायचे होते; संस्थेने ट्रंका न्याव्यात अशी त्यांची विनंती होती. आम्ही सर्वांनी एका आवाजात ‘अवश्य’ म्हटले. मग जेवण आले. बासुंदी होती, हे मला आठवते. इतिवृत्त कोण लिहीत होता, हे आठवत नाही. कारण कोणीच लिहीत नव्हते. पुढे कार्यवाह बदलले. दीड वर्षाने सहज विचारले तेव्हा नव्या कार्यवाहांना पत्राचा पत्ता नव्हता, आणि त्यांचा त्यात दोषही नव्हता. मी त्या घरी गेलो. घर विकले गेले होते. ट्रंका शेजारच्यांनी ठेवून घेतल्या होत्या, रिकाम्या. माझे नाव त्या संस्थेच्या कागदावर आणखी दोन वर्षे छापले जात राहिले, आणि मी ते काढा असे कळवले नाही.

त्या बैठकीतल्या सात माणसांपैकी कोणालाही कलेचे प्रेम कमी नव्हते. त्या वह्यांचे महत्त्व न कळणारा एकही नव्हता. विद्वत्तेची उणीव असती तर निदान सांगायला कारण मिळाले असते.

येथे कोणी म्हणेल की मोठी कामे एकेकट्या माणसांनी केली, मंडळांनी नव्हे. ते खोटे नाही. औंधचे संग्रहालय बाळासाहेबांनी आपल्या नजरेने मांडले. ज्या सुमारास ते राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवत होते त्याच सुमारास, १९३८ साली, ते संग्रहालय उभे राहिले, पण त्यातल्या भिंती त्यांनी प्रजेच्या मतावर सोडल्या नसाव्यात! होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी चित्रे जमवली ती स्वतः चित्रकार असलेल्या माणसाच्या डोळ्याने. संस्थेच्या खर्चातला एक टक्का त्यांनी त्यासाठी मागून घेतला. अशी नजर असलेला माणूस भेटला तर मंडळाने त्याच्या वाटेत येऊ नये, हे मी आनंदाने मान्य करीन. परंतु संग्रह जमवणे वेगळे आणि संशोधनाची संस्था चालवणे वेगळे. जमवणाऱ्याची आवड हाच त्याचा न्याय. संशोधनात मात्र जे आवडले नाही तेही सांभाळावे लागते. शिवाय भाभा १९६६ साली अपघातात गेले. अशी नजर वारसाहक्काने पुढे देता येत नाही.

चार दिवसांनी अण्णा आणि साहेब पुन्हा आले. मी यादी परत केली. नामवंत चौघांपैकी दोन चित्रकार ठेवले होते, ज्यांना पुण्याला येऊन बसायला वेळ आहे असे. परदेशचे एक प्राध्यापक ठेवले. कागद टिकवण्याचे शास्त्र जाणणारा एक माणूस आणि मोडी वाचणारा एक माणूस असावा, असे लिहिले होते. पुण्यात दोन्ही मिळतात, मागावे मात्र लागते. आणि सहावी जागा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या जुन्या पेंटरला द्यावी, असे सुचवले होते.

“पेंटर म्हणजे चित्रकार?” साहेबांनी विचारले.

“नाही, पेंटर. पाट्या रंगवणारा.”

साहेब थोडे गप्प झाले. मी त्यांना म्हटले, १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, तिच्यामागून कारखाने आले, आणि त्या साऱ्यांच्या फाटकांवर, ट्रकांच्या फळ्यांवर, युनियनच्या फलकांवर, गणेशमंडळांच्या कमानींवर ज्यांनी अक्षरे काढली त्यांची एक ओळही कोठे नोंदलेली नाही. फ्लेक्स आला आणि ते लोक घरी बसले. मुंबईच्या चित्रकारांचे कागद मुंबईही सांभाळील. या भागातली ही अक्षरे मारुंजीने नाही तर कोणी सांभाळायची? आणि ती कोणी काढली, कोणत्या रंगात, कोणाकडून शिकून, हे सांगणारा माणूस मंडळावर नको तर कोठे हवा?

“आमच्या शाळेची पाटी ज्यानं काढली तो आहे अजून,” अण्णा म्हणाले. “हात थरथरतो, पण आहे.” साहेबांनी वहीत टिपून घेतले.

यादीमागे मी चार कलमेही जोडली होती. लेखी होकार आल्याशिवाय कोणाचे नाव छापायचे नाही, हे पहिले. मुदत तीन वर्षांची, आणि लागोपाठ दोन बैठकांना न येणाऱ्याची जागा आपोआप रिकामी, हे दुसरे. ते मी स्वतःला आठवून लिहिले. तिसरे व्यवहार गुंतला असल्यास उठून जाण्याचे. चौथे, प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त पंधरा दिवसांत लिहून ते वाचनालयात सर्वांना वाचायला ठेवायचे. न मानलेल्या सल्ल्यासह आणि न मानण्याच्या कारणासह.

पहिली तीन कलमे दोघांनी तेथेच मान्य केली. जुने छापील कागद अण्णांच्या नातवंडांना पाठकोऱ्या वह्यांसाठी मिळाले आहेत. मजल्यावर दोन लोखंडी कपाटे आली. माझे नाव मी अजून दिलेले नाही. चौथे कलम साहेबांनी पेन्सिलीने कंसात घातले आहे आणि शेजारी ‘देणगीदारांना विचारून’ असे लिहिले आहे. त्यावर दिवाळीनंतर बसायचे ठरले आहे.